प्लेगच्या दवाखान्यात पोरगी हरवली आणि रमाबाईंनी थेट गव्हर्नरशी वाकडं घेतलं

समजा, देवगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत एका मुलीवर अत्याचार झाला. ती कुणाला सांगेल?

आईला सांगेल, कदाचित. आई मावशीला सांगेल. मग घरात दोन दिवस कुजबूज चालेल, पोलीस ठाण्यात जायचं की नाही यावर. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. ग्रामीण रुग्णालयात गेलं तर केसपेपर काढणारा ओळखीचा, एसटीत बसलं तर कंडक्टर ओळखीचा. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे ओरोसला जायचं तर नांदगाव तिठा, कणकवली करत अर्धा दिवस जातो. आणि तिथपर्यंत जाण्याआधीच घरातलं कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, तिचं लग्न व्हायचंय.

अशा वेळी त्या मुलीला सगळ्यात आधी काय लागतं? वकील नंतर, कोर्ट तर फारच नंतर. आधी लागतं तिचं ऐकून घेणारं, तिच्यावर विश्वास ठेवणारं आणि आज रात्री तिला सुरक्षित झोपायला जागा देणारं माणूस. आजच्या भाषेत याला क्रायसिस काउन्सेलिंग म्हणतात. संकटातलं समुपदेशन.

हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात एका बाईने हे काम शेकडो मुलींसाठी केलं होतं. नाव तुम्हाला माहिती आहे, पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद असतो, संस्कृत पंडिता, शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. पण त्यांनी नेमक्या कुठल्या मुलींना हात दिला आणि त्यासाठी कुणाकुणाशी भांडण घेतलं, ते त्या परिच्छेदात नसतं.

तर सुरुवातीपासून बघू.

२३ एप्रिल १८५८ ला पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. त्यांनी त्या काळात एक गुन्हाच केला होता म्हणा ना, बायकोला संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी मग तेच संस्कृत लेकीला शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं.

मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, नंतर बहीण. सगळे उपासमारीने खंगून. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघं उपाशीतापाशी चालत राहिली. तरुण मुलगी, निवारा नाही, पोटात अन्न नाही, रात्र कुठे काढायची ते ठाऊक नाही. हे दिवस लक्षात ठेवा, कारण वीस वर्षांनी मध्य प्रांतातल्या दुष्काळात जेव्हा त्यांनी रस्त्यावर बसलेल्या पोरी पाहिल्या, तेव्हा त्या पोरींसमोर काय वाढून ठेवलंय हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही.

१८७८ मध्ये बहीण-भाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जातीबाहेरचं, नोंदणी पद्धतीचं लग्न. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचं लेकरू.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या.

इथे जरा थांबायला हवं. कारण १८८२ च्या आसपासचा महाराष्ट्र समजला नाही तर पुढचं समजणार नाही. तेव्हा घराघरांत बालविधवा होत्या. केशवपन केलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, घरचं सगळं काम उपसणाऱ्या. या मुलींवर घरातल्याच दिरा-सासऱ्यांकडून, नातेवाइकांकडून, भटजी-शास्त्रीबुवांकडून अत्याचार व्हायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. दिवस गेले की मुलगी एकटी पडायची. मग विहीर, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा, नाहीतर काशीला नेऊन सोडणं.

पुण्यात १८६३ मध्ये काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला बाळाचा जीव घेतल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसवणाऱ्या शास्त्र्याला काहीच झालं नाही. त्यानंतर जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप या, बाळंत व्हा, बाळाला न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, असं त्याचं स्वरूप होतं. पंढरपुरातही १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या लोकांनी असंच गृह काढलं. तरी १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्या बाईची आणि एकूणच बायकांची जी लक्तरं काढली, त्यावर चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुषतुलना लिहिलं.

अशा वातावरणात रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज काढला. शिक्षणासाठी नेमलेलं हंटर कमिशन पुण्यात आलं तेव्हा त्यांनी साक्ष दिली. शिक्षिका हव्यात हे तर त्यांनी सांगितलंच, पण बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात हेही सांगितलं. त्यांचा मुद्दा साधा होता. पुरुष डॉक्टरपुढे आपलं दुखणं सांगण्यापेक्षा आपल्या बायका मरण पत्करतात. आज अत्याचारानंतर तपासणीला आलेल्या मुलीसाठी महिला डॉक्टर आहे का, हा प्रश्न आपण विचारतो. रमाबाईंनी त्याचं मूळ १८८२ मध्ये सरकारी कागदावर आणून ठेवलं होतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. जायचं होतं डॉक्टर व्हायला, पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्याने ते राहिलं. वाँटेज गावातल्या जोगिणींकडे, म्हणजे ख्रिस्ती सिस्टर्सकडे त्या राहात होत्या. एक दिवस त्या सिस्टर्स त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. ज्यांना समाज पतित म्हणतो अशा बायका तिथे राहायच्या. वेश्याव्यवसायातून आलेल्या, फसवलेल्या, टाकून दिलेल्या. आणि गंमत म्हणजे त्यातल्याच काही जणी आता नव्याने आलेल्यांची सेवा करत होत्या.

रमाबाईंसाठी हा धक्का होता. त्यांनी धर्मशास्त्रं मुळातून वाचली होती. अशा बाईला काय शिक्षा द्यायची हे त्यात होतं, तिला परत उभं कसं करायचं हे त्यांना कुठे सापडलं नव्हतं. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या त्याची जी कारणं त्यांनी स्वतः नंतर लिहिली, त्यात या आश्रमाची भेट आहे. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतरावरून महाराष्ट्रात जे वादळ उठलं ते आजही पूर्ण शमलेलं नाही. त्यात कोण बरोबर होतं हा वेगळा विषय. पण एक गोष्ट बघा, एका प्रचंड विद्वान बाईच्या आयुष्याला वळण देणाऱ्या प्रसंगांमध्ये बायकांचा एक आश्रम आहे. त्यांना कुठल्या प्रश्नाने आतून पोखरलं होतं ते यावरून कळतं.

तिथून त्या अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. नवऱ्याकडे जायला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंचा खटलाही त्यात आला. पुस्तक गाजलं, बॉस्टनमध्ये मदत मंडळ उभं राहिलं, दहा वर्षांच्या खर्चाची सोय झाली.

११ मार्च १८८९. मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक होती देवरुखची बालविधवा, गोदूबाई जोशी. लग्न झालं आठव्या वर्षी आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरं झालं. देवरुख आणि देवगड तेव्हा एकाच रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. याच गोदूबाईंनी १८९३ मध्ये मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाल्या. मुरुडने त्यांना वाळीत टाकलं, ती कथा अनेकांनी वाचली असेल. हिंगण्याच्या कर्व्यांच्या आश्रमाकडे जाणारी वाट अशी रमाबाईंच्या घरातून जाते.

१८९० मध्ये सदन पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये मोठा भडका उडाला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती केलं जातंय, असा आरोप झाला. रानडे, भांडारकरांसारख्या मित्रांनीही सल्लागार मंडळ सोडलं, वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. टीकेत तथ्य होतं का? काही अंशी होतं. रमाबाई आपली श्रद्धा लपवून ठेवणाऱ्या नव्हत्या आणि त्यांच्यावरच अवलंबून असलेल्या लहान मुलींवर तिचा परिणाम होणारच. आज समुपदेशक होणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून बजावतात की समोरच्या व्यक्तीवर आपलं मत लादू नका. या कसोटीवर रमाबाई पूर्ण उतरत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. मात्र मुली काढून नेणाऱ्यांपैकी कितींनी त्यांना पुढे शिकवलं, हाही प्रश्न त्याच दमात विचारायला हवा.

नव्वदच्या दशकात त्या वृंदावनला गेल्या, यात्रेकरूच्या वेशात. विधवांना मोक्षाचं आमिष दाखवून तिथे आणायचं आणि मग त्यांचे पैसे संपले की त्यांचं काय होतं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. देवाच्या दारात चाललेलं शोषण त्यांनी पाहिलं आणि लिहिलं.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ.

मध्य प्रांतात माणसं मरत होती. सरकारने दुष्काळी कामं आणि गरीबखाने उघडले होते. रमाबाई तिकडे पोचल्या आणि त्यांनी जे पाहिलं ते सरकारी अहवालात येणारं नव्हतं. आईबाप मेलेल्या तरुण मुली अन्नासाठी मुकादमाच्या, पहारेकऱ्याच्या मर्जीवर होत्या. घासभर अन्नाच्या बदल्यात काय मागितलं जात होतं ते वेगळं सांगायला नको. शिवाय मुलींना शहरात नेऊन विकणारे दलाल फिरत होतेच. आजही पूर, भूकंप आला की मदत छावणीत बायका-मुलींच्या सुरक्षेची वेगळी व्यवस्था लागते असं तज्ज्ञ सांगतात. का लागते, ते रमाबाईंनी तेव्हाच ओळखलं होतं.

त्यांनी ठरवलं, तीनशे मुली आणायच्या. आणल्याही. बॉस्टनचं दहा वर्षांचं पैशांचं वचन संपत आलं होतं, तरी आणल्या. या मुली आजारी होत्या, उवांनी भरलेल्या होत्या, काहींना गुप्तरोग झाले होते, काही कुणी हात लावला तरी किंचाळायच्या.

यांना सांभाळायचं कसं? रमाबाईंची युक्ती साधी होती. शारदा सदनातल्या मोठ्या मुलींकडे नव्या मुली सोपवल्या. एकीने एकीला धरायचं. तिला न्हाऊ घालायचं, भरवायचं, शेजारी झोपायचं. सांभाळणारीही कालपर्यंत कुणाच्या तरी घरातली टाकलेली विधवा होती, त्यामुळे ती नाक मुरडत नव्हती. आज जगभर अत्याचारातून सावरलेल्या बायकाच दुसऱ्यांना आधार देतात, अशा गटांना चांगला उपाय मानलं जातं.

एवढ्यात पुण्यात प्लेग शिरला. मुलींना पुण्याबाहेर, रेल्वेमार्गावरच्या केडगावला हलवावं लागलं. तिथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन फळबाग लावली होती. झोपड्या, तंबू टाकून मुली राहिल्या. तेच मुक्ती सदन.

आणि इथेच ती घटना घडली. सदनातल्या एका मुलीला आजारी म्हणून प्लेगच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. ती परत आलीच नाही. दवाखान्यातल्याच एका पुरुषाच्या ती हवाली झाली, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. दवाखाना सरकारचा, पहारा सरकारचा आणि पोरगी गायब.

रमाबाईंनी काय करायला हवं होतं, याचा व्यावहारिक हिशोब मांडून बघा. हिंदू समाज विरोधात होताच. उरला होता तो गोऱ्यांचा, मिशनऱ्यांचा आधार. अशा वेळी कुणीही गप्प बसलं असतं. रमाबाईंनी मे १८९७ मध्ये बॉम्बे गार्डियन या पत्राला पत्र लिहिलं आणि प्लेगच्या कारभारात बायकांचं काय होतंय ते उघड सांगितलं. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप धडधडीत चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. रमाबाई आपल्या म्हणण्यावरून हटल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. प्लेगच्या झडतीत सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केले, त्यातल्या एकीने जीव दिला, असं पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणारे नाव द्यायला तयार होईनात. कोण होईल? घरातल्या बाईचं नाव चव्हाट्यावर येणार. शेवटी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि वर दोन्ही बाजूंच्या शिव्या खाव्या लागल्या.

पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही, हा न्याय तेव्हाही असाच चालायचा.

१८९९ च्या सुमारास रमाबाईंनी केडगावला कृपा सदन उघडलं. अत्याचार, फसवणूक किंवा वेश्याव्यवसायातून आलेल्या बायकांसाठी स्वतंत्र घर. स्वतंत्र का, तर उपचार वेगळे लागायचे आणि या बायकांना शांतपणा हवा असायचा. अर्थात पतितांना सुधारायचं ही भाषा तेव्हा होतीच, तीत दोष बाईकडेच जायचा आणि रमाबाईंची संस्थाही त्या भाषेतून सुटली नाही. पण फरक कृतीत होता. आलेल्या बाईला आत घेतलं जायचं. आधी जेवण, आंघोळ, औषध. मग हाताला काम. विणकाम, शेती, दूध, तेलघाणा, स्वयंपाक, छापखाना. छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या, आंधळ्या मुली ब्रेल वाचायला शिकायच्या.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथे मुली शोधायला मुक्तीत वाढलेल्या बायकाच गेल्या. केडगावातली संख्या दोन हजारांच्या घरात पोचली.

आता परत देवगडच्या त्या मुलीकडे येऊ, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी याची गरज असू शकते.

आज कायद्याने कुठलंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, अत्याचारग्रस्त व्यक्तीवर मोफत उपचार नाकारू शकत नाही. आधी एफआयआर आणा असं सांगता येत नाही. एचआयव्हीचा धोका टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भधारणा रोखणारी गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. म्हणून पोलिसांत जायचं की नाही हे ठरत नसेल तरी दवाखान्यात लगेच जा. शक्य असेल तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. पण केलं असेल तरी जा. तपासणीला तुमची संमती लागते. दोन बोटांची ती घाणेरडी चाचणी सुप्रीम कोर्टाने गैरवर्तन ठरवली आहे. तक्रार देवगडला नको वाटली तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते.

तातडीने ११२, महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८. मनावरचा ताण असह्य झाला तर टेलिमानसचा १४४१६. जिल्ह्याजिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटरची योजना २०१५ पासून आहे, समुपदेशक, पोलीस, वकील आणि पाच दिवसांपर्यंत निवारा एका छताखाली मिळावा म्हणून. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ पासून आर्थिक मदत आणि समुपदेशनासाठी आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये दिलासा केंद्र सुरू झालं, दवाखान्यातच समुपदेशन देणारं. कारण बाई आधी दवाखान्यातच येते.

आणि तुम्ही ऐकणारे असाल तर? तू तिकडे गेलीसच कशाला, हे विचारू नका. सगळं परत परत सांगायला लावू नका. तिला आता काय हवंय ते विचारा, घरी जाणं सुरक्षित आहे का ते बघा, निर्णय तिचा तिला घेऊ द्या. तिचं नाव, फोटो, गाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. न्याय मिळावा म्हणून सुद्धा नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

रमाबाईंचं शेवटचं पर्व केडगावातच गेलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, बायका-पोरींना समजेल अशा मराठीत. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. तेच सरकार, ज्याच्या गव्हर्नरने त्यांना खोटं पाडलं होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. जिच्यासाठी काम पुढे ठेवायचं होतं तीच आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचं काम संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत केडगाव लागतं. मुक्ती मिशन तिथे अजून सुरू आहे.